काकू गोलघुमट बघायला गेल्या

काकूंना एखादी गोष्ट गुपचूप सांगायची असली म्हणजे त्या आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघून घेत, पदराचं टोक तोंडाशी धरत, माझ्या कानाशी वाकत आणि म्हणत, "हळूच सांगती हं पोरी, कुणाला बोलू नगंस." त्यानंतर त्या जे सांगत, ते आमच्या गल्लीत फक्त एका माणसाला ऐकू जात नसे. तो माणूस म्हणजे काकूंचे यजमान.

तुमच्याही शेजारात असा एखादा आवाज असेल. पण सोलापूरच्या भवानी पेठेतला तो आवाज मी लग्न होऊन बार्शीहून आले तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि कुठं तरी आग लागली असं समजून हातातली कळशी टाकून दारात धावले. सासूबाई शांतपणे तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "काही नाही. शेजारी जेवायला वाढलंय."

काकूंची चुरमुऱ्या-फुटाण्यांची भट्टी होती. सकाळपासून त्या तापलेल्या वाळूच्या कढईपुढं बसलेल्या असत. काका गिरणीत मागखात्यात कामाला. त्या खात्यात सगळे माग चालू झाले की शेजारच्या माणसाचे नुसते ओठ हललेले दिसतात, असं आमचे हे सांगत; हे त्याच गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. काकांचे कान त्या खडखडाटात हळूहळू गेले. जसजसे कान गेले तसतसा काकूंचा आवाज चढला, आणि नवराबायको दोघांनाही त्याचा पत्ता लागला नाही. काका काम करून दमून यायचे, काकू प्रेमानं विचारायच्या, "अवो, पोट साफ झालं का आज?" आणि समोरच्या ओट्यावर पान खात बसलेली मंडळी काकांच्या आधी उत्तर द्यायची.

माझ्या सासूबाईंचा आवाज मात्र उंबऱ्याबाहेर जात नसे. त्यांचं नि काकूंचं बोलणं बंद होतं, तेही मी यायच्या कितीतरी आधीपासून. घरं भिंतीला भिंत लागून, ओटा एकच. सासूबाई या बाजूला, काकू त्या बाजूला, आणि मधे मी.

"सूनबाई, त्यांना सांग, भट्टीचा धूर आमच्याकडं येतोय."

मी वळायच्या आत काकू म्हणत, "तिला सांग पोरी, वारं काय माझ्या बापाचं हाय व्हय?"

"त्यांना सांग, बापापर्यंत जायचं काम नाही."

पहिला महिनाभर मी प्रत्येक वाक्य इकडून तिकडं इमानानं पोचवलं. पुढं लक्षात आलं की मी नुसती मान फिरवली तरी पुरतं. त्यानंतर हातातलं वीणकाम न सोडता मी दोघींचं भांडण चालवू लागले.

या अबोल्याचं कारण मला ह्यांनी सांगितलं. वन्संना, म्हणजे ह्यांच्या बहिणीला, बघायला पाहुणे येणार होते. तेव्हा काकू आणि सासूबाई जिवाभावाच्या मैत्रिणी. काकूंनी आपण होऊन मोठं पातेलंभर चिवडा करून दिला. पाहुण्यांना तो फार आवडला. मुलाच्या वडलांनी विचारलं, "चिवडा मुलीनं केला वाटतं?" सासूबाई म्हणाल्या, "सगळं तिनंच केलं." नेमकं त्याच वेळी भिंतीपलीकडं काकांनी काकूंना काहीतरी विचारलं असावं. कारण पाहुण्यांच्या तोंडात घास असतानाच पलीकडून आवाज आला, "अवो, चिवडा म्या करून दिलाय. तिला फोडणी कुटं घालता येतीय?"

पाहुणे उठले. स्थळ गेलं. वन्संना पुढं केमचं चांगलं स्थळ मिळालं आणि त्या सुखात होत्या. त्या स्वतः म्हणत, "बरं झालं ते स्थळ गेलं, त्या मुलाचं सगळं लक्ष चिवड्यात होतं." पण सासूबाईंच्या मनातून ते गेलं नाही.

तरी दर संक्रांतीला सासूबाई तिळगुळाची एक वाटी ओट्याच्या पार कडेला, काकूंच्या बाजूला ठेवून देत आणि मला म्हणत, "राहू दे तिथं, मांजर खाईल." संध्याकाळी ती वाटी फुटाण्यांनी भरून परत आलेली असे. मांजराबद्दल आम्ही कुणीच काही विचारत नसू.

एके वर्षी गिरणीत नवे साहेब आले. ज्याला ऐकू येत नाही असा माणूस मागापाशी ठेवणं धोक्याचं, असं त्यांचं मत पडलं आणि काकांना घरी बसवलं. काकांचा पुतण्या टेंभुर्णीला होता. तिथं पुण्याकडं जाणाऱ्या मोटारी थांबतात, चुरमुरे-फुटाणे चांगले खपतील, दोघांनी तिकडंच यावं, असा त्याचा निरोप आला.

काकूंनी ही बातमी मला हळूच सांगितली. आत सासूबाई जात्यावर बसल्या होत्या. जात्याची घरघर मधेच थांबली. मला वाटलं, पदर सावरत असतील. पण त्या दिवशी जातं पुन्हा फिरलं नाही. अर्धं दळण तसंच सुपात राहिलं, आणि रात्री आम्ही भात खाल्ला.

दोन दिवसांनी काका आमच्याकडं आले. ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं बोलतात म्हणे. काका उलट अगदी हलक्या आवाजात बोलत, जणू आपला आवाज कुणाच्या अंगावर सांडेल अशी भीती वाटावी. ते उंबऱ्याशी बसले आणि ह्यांना म्हणाले, "जायच्या आदी एकदा विजापूरला जायचंय. तुमाला गाडीचं कळतंय. न्हेता का आमाला?"

ह्यांनी हातानं विचारलं, विजापूर का?

"मागं गिरणीतल्या मानसांसंगं गेलतो. त्या घुमटात मला ऐकू आलं. समद्यांचं बोलनं, हसनं." काकांनी आपल्या घराच्या भिंतीकडं बघितलं. "हिचा आवाज ऐकून लई वर्सं झाली."

रोज पहाटे त्या आवाजानं दचकून उठणारे आमचे हे माझ्याकडं बघत राहिले. त्यांना हसू येत होतं की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी लगेच रविवार ठरवला.

काकू मला म्हणाल्या, "तिला इचार, येती का."

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, मला दगड बघायची हौस नाही."

रविवारी पहाटे मी दार उघडलं तर सासूबाई ओट्यावर बसलेल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. त्या म्हणाल्या, "तुमच्याबरोबर घरातलं मोठं माणूस नको का?"

होटगीला गाडी बदलायची आणि पुढं लहान रुळांच्या गाडीनं जायचं. त्या वेळी विजापूर आपल्याच इलाख्यात होतं, आणि डब्यात निम्मे लोक मराठी बोलत, निम्मे कानडी. काकू आणि सासूबाई समोरासमोर बसल्या, आणि एकमेकींकडं न बघता खिडकीबाहेर बघू लागल्या. होटगी सोडल्यावर काकूंनी शेजारच्या बाईला हळूच सांगितलं की माझ्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, अजून काही नाही. पुढचं स्टेशन यायच्या आत तीन बायकांनी तीन उपाय सांगितले. त्यातला एक कानडीत होता आणि तो पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मराठीत समजावून दिला. हे वर्तमानपत्रामागं गेले ते विजापूर येईपर्यंत बाहेर आले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्यांना सांग, असलं डब्यात बोलायचं नसतं."

"तिला सांग, मी हळूच बोलली की."

विजापूर यायच्या कितीतरी आधी गोलघुमट दिसू लागतो. काकू बराच वेळ त्याच्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवडा मोटा रांजण पालथा कुनी घातला असंल?"

घुमट स्टेशनाजवळच आहे, पण टांगेवाल्यानं आधी गाव दाखवायचं ठरवलं होतं आणि तो कुणाचं ऐकणारा नव्हता. टांगा गावाच्या जुन्या तटाच्या कडेनं निघाला. मोठमोठे दगड, मधेच बुरूज, बाहेर कोरडा खंदक, खंदकात चरणाऱ्या शेळ्या. एका वेशीतून आत शिरलो. काकूंनी मान वर करून दाराची उंची बघितली आणि म्हणाल्या, "ह्या दाराला कडी लावायला सकाळपास्नं बसत असतील." सगळी हयात सोलापुरात गेली तरी त्यांनी तिथला किल्ला आतून बघितला नव्हता. ते काय, हितंच तर हाय, कवाबी बघू, असं त्या म्हणत. आता परक्या गावात आल्यावर मात्र त्यांना प्रत्येक दगड बघायचा होता, आणि बघितलेलं सगळं काकांना सांगायचं होतं. शेवटी टांगेवाल्यानं मागं वळून हात जोडले. "अम्मा, हल्लू बोलो. घोडा डरता."

मुलूखमैदान तोफेच्या बुरुजावर चढलो. टांगेवाल्यानं तोफेची कीर्ती सांगितली. ही कुठून आणली, किती बैलांनी ओढली, हिच्या आवाजानं बायकांचे गर्भ पडत. हे टोपी काढून कौतुकानं बघत होते. सासूबाईंनी तोफेच्या तोंडावरचा सिंह बघून नमस्कार केला. काकांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते तोफेच्या मागच्या अंगाला गेले, बत्ती द्यायच्या जागेशी उभे राहिले आणि तोफेवर हात ठेवला.

"हिच्यापाशी नोकरीला असनाऱ्याचे कान गेले असतील," ते म्हणाले. "मग त्यालाबी घरी बसवला असंल."

काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली टांग्याकडं नेलं.

घुमटाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून वर जायचा जिना अरुंद आणि अंधारा. काकू पुढं, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं सासूबाई. प्रत्येक मजल्यावर काकू थांबून धापा टाकत आणि म्हणत, "तिला इचार, दमली का." सासूबाई भिंतीला धरून म्हणत, "त्यांना सांग, मी कुठं दमलेय." वर गच्चीत आलो तेव्हा दोघींचीही तोंडं लाल झाली होती आणि दोघीही दमल्या नव्हत्या.

गच्चीतून लहान दारानं आत गेलं की घुमटाच्या आतल्या बाजूनं गोल सज्जा आहे. खाली बघितलं की कबरी आगपेटीएवढ्या दिसतात. तिथं एक राखणदार होता. त्यानं आम्हाला भिंतीशी बसवलं, आपण समोरच्या बाजूला गेला आणि काडी ओढली. काडी जणू आमच्याच कानाशी पेटली.

"अगं बया," काकू म्हणाल्या.

आजवर त्या घुमटात पुष्कळ लोक ओरडून गेले असतील. पण कुणी सहज बोललेलं असं त्यानं ऐकलं नसावं. 'बया' वर गेलं, घुमटात फिरलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. वर बसलेली पाखरं उडाली. राखणदार कानांवर हात ठेवून तिकडून पळत आला. "अव्वा, मेल्लगे, मेल्लगे," तो काकुळतीनं म्हणाला, म्हणजे हळू बोला. इथं कुजबुजलं तरी समोर भिंतीतून ऐकू जातं, ओरडायचं कारण नाही, हे त्यानं तीनतीनदा समजावून सांगितलं.

काका मात्र हसत होते. त्यांनी खुणेनं सांगितलं, मी समोर जातो, ती इथूनच बोलू दे. हे त्यांना घेऊन समोरच्या बाजूला निघाले. काकूंच्या शेजारी बसायला नको म्हणून सासूबाईही उठून त्यांच्या मागोमाग गेल्या. काकूंजवळ मी राहिले.

समोर तिघं भिंतीशी बसलेली इथून लहान लहान दिसत होती. काकूंनी सवयीनं दोन्हीकडं बघितलं, पदर तोंडाशी धरला, भिंतीशी वाकल्या. आणि त्या खरोखरच हळू बोलल्या. इतक्या हळू की मला कान पुढं करावा लागला.

"अवो, तुमाला म्हणून सांगती. टेंभुर्नीला जायला माझा पाय निगंना. भट्टीचं काय न्हाय, भट्टी कुटंबी पेटती. पर इतकी वर्सं मी घरात बोलती ती काय तुमाला ऐकू जावं म्हणून व्हय? तुमाला कुटं येतंय ऐकू. भिंतीपलीकडं तिला ऐकू जावं म्हणून बोलती. आता तितं मी कुणासाटी बोलू?"

काकूंनी बोलायला सुरुवात केली तेव्हाच मी समोर बघितलं होतं. काकांनी भिंतीला कान लावला होता. पण मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि कुजबुज ऐकू येणं वेगळं. पहिल्या शब्दालाच त्यांनी नाही अशी मान हलवली, सासूबाईंना हातानं जवळ बोलावलं आणि आपली जागा दिली. काय म्हनती ती, जरा ऐकून सांगा, असं ते म्हणाल्याचं हे नंतर सांगत. म्हणजे जवळजवळ सुरुवातीपासून भिंतीला सासूबाईंचा कान होता, आणि काकूंची नजर तिकडं पोचत नव्हती.

काकूंनी डोळे पुसले. मग अगदी आमच्या कानाशी, सासूबाईंचा तो उंबऱ्याबाहेर न जाणारा आवाज आला.

"त्या दिवशी चिवड्यात मीठ जास्त झालं होतं."

काकू ताठ झाल्या. राखणदारानं सांगितलेलं सगळं त्या विसरल्या.

"मीठ जास्त? माझ्या चिवड्यात?"

चिवड्यात, चिवड्यात, चिवड्यात, असं सबंध घुमट म्हणू लागला. खाली कबरींपाशी उभे असलेले लोक वर बघू लागले. राखणदार खाली बसला.

"जास्तच होतं," भिंतीतून सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे पाणी मागत होते."

"पानी मागत हुते तर परत परत वाढून कशाला घेत हुते?"

"भिडेखातर."

"भिडेखातर कुनी ताटली पुसून खातं व्हय?"

मधे मी नव्हते. मान फिरवायला कुणी नव्हतं. एक कुजबुजत होती, दुसरी गर्जत होती, आणि कितीतरी वर्षांचा शिल्लक राहिलेला तो चिवडा एकदाचा दोघींनी मिळून संपवला. घुमट त्यातलं काकूंचं तेवढं पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता.

आम्ही समोर गेलो तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसत होते.

"ऐकलं," ते ह्यांना म्हणाले. "तसाच हाय आवाज. लगनाच्या वक्ताला हुता तसाच." मग त्यांनी जरा विचार केला. "पर चिवड्याचं काय म्हनती ती?"

खाली येऊन झाडाखाली भाकरी सोडली. काकूंनी शेंगाची चटणी आणली होती. सासूबाईंनी ती बोटानं चाखली आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." काकू म्हणाल्या, "गप जेव." मग टेंभुर्णीचं पाणी कसं आहे, पुतण्याची बायको कशी आहे, तिथं चांगला सरपण-भुसा मिळतो का, हे सगळं सासूबाईंनी विचारलं आणि काकूंनी सांगितलं. परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर बसल्या. काकू सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या, आणि डब्यात पहिल्यांदा शांतता झाली.

पुढच्या महिन्यात काका-काकू टेंभुर्णीला गेले. आम्हाला वाटलं, सासूबाई आता उदास होतील. त्या उदास वगैरे झाल्या नाहीत. त्यांनी केमला लेकीकडं जायचं काढलं. सोलापूरहून केमला गाडी सरळ जाते, बसलं की उतरायचं. पण सासूबाईंना एकाएकी आगगाडीचा धूर सोसेनासा झाला. त्या सर्व्हिस मोटारीनं टेंभुर्णीला उतरत, तिथं आठ दिवस राहत, आणि मग बैलगाडी मिळाली तर केमला दोन दिवस जाऊन येत. वन्संनी मला विचारलं, "वहिनी, आई माझ्याकडं येते की माझ्या गावावरून जाते?"

आगगाडीचा धूर न सोसणारी ही बाई तिकडं काय करते, ते मला एकदा बघायला मिळालं. ह्यांना पुण्यात नोकरी लागली होती. मुलगा कडेवर, सामान टपावर, अशी आम्ही मोटारीनं निघालो होतो. सासूबाई टेंभुर्णीलाच होत्या आणि मागाहून येणार होत्या. मोटार पाणी घ्यायला थांबली. अड्ड्याच्या कडेला, बैलगाड्यांच्या पलीकडं, काकूंची भट्टी दिसली. काकू कढईपुढं बसलेल्या, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. त्यांच्या शेजारी पालथ्या टोपलीवर आमच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. काका चुरमुऱ्याच्या पोत्याला टेकून पेंगत होते.

दोघी एकाच वेळी बोलत होत्या. कोण कुणाचं ऐकत होतं ते कळायला मार्ग नव्हता. काकूंनी झाऱ्यानं हवेत काहीतरी ठासून सांगितलं, सासूबाईंनी एक शेंग त्यांच्या अंगावर टाकली, काकूंनी ती उचलून सोलून खाल्ली.

हे म्हणाले, "हाक मार की."

काकूंना मी त्या दिवशी बघितलं ते शेवटचं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बोलतायत त्या, कशाला मधे जा. पोराला तेवढं खिडकीशी धरलं आणि म्हटलं, "ती बघ आजी." कुठली, ते मी सांगितलं नाही. मोटार सुरू झाली, धूळ उठली, आणि धुळीपलीकडं दोघींचे हात बराच वेळ हलताना दिसत होते.